जुन्या तेल-इंजिनाचे टायमिंग : दोषाची पारख व दुरुस्ती

सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुव्याहून गुजरातेतील सागबाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर खापर हे गाव आहे. हा मुलूख पूर्वी पश्चिम खानदेशात, पुढे धुळे जिल्ह्यात आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडतो. या बाजूस विहिरीवर किंवा नाल्याच्या डोहावर पंप बसवून कापूस, मिरची, ऊस अशी पिके जोपासली जातात. वीज आली व सौर पंपही आले; तथापि जेथे तारा पोहोचलेल्या नाहीत, किंवा विजेची वेळ आणि पिकाची तहान यांचा मेळ बसत नाही, तेथे डिझेलवर चालणारे तेल-इंजिन अद्यापि उपयोगी पडते. नवे इंजिन घेण्याची ऐपत नसलेला शेतकरी जुने इंजिन विकत घेतो. असे करण्यात गैर काही नाही. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तेव्हापासून महाराष्ट्रात जी एक-सिलिंडरची इंजिने पसरली, त्यांची बांधणी इतकी भक्कम आहे की नीट निगा राखल्यास ती दुसऱ्या व तिसऱ्या मालकाकडेही काम देतात.

अडचण निराळीच असते. जुने इंजिन बहुधा एकदा तरी पूर्ण खोललेले असते, आणि ते पुन्हा जोडताना एखादी खूण चुकलेली असते. इंजिन चालू होते, पाणीही काढते. पण काळा धूर ओकते, धुराड्याची नळी लाल होऊ पाहते, डिझेल जास्त पिते आणि भार पडताच दम सोडते. मालक प्रथम नोझल बदलतो, मग पंपाचा प्लंजर, मग पिस्टनच्या कड्या. दर वेळी पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो, कारण तो कोणत्याही एका भागात नसून त्या भागांच्या वेळेत असतो. यालाच मिस्त्री लोक ‘टायमिंग हलले’ असे म्हणतात. मिरचीचे पीक फुलावर असताना आठ दिवस पाणी चुकले तर होणारे नुकसान कोणत्याही सुट्या भागाच्या किमतीहून अधिक असते. यास्तव ही पारख ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास आली पाहिजे.

वेळ कशाची ?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये चालले, त्यातील मूळ कल्पना हीच होती की हवा जोराने दाबली असता ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेट घेते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक हातास गरम लागते, हा अनुभव सर्वांस आहे. इंजिनात हवा सुमारे सोळा-सतरा पट दाबली जाते आणि तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते.

परंतु तेल पडले की तत्क्षणी जळत नाही. त्याचे बारीक थेंब व्हावे लागतात, थेंबांची वाफ व्हावी लागते, मग ज्वाला उठते. या कामास सेकंदाचा अगदी थोडा अंश लागतो. तथापि इंजिनाच्या हिशेबाने तोही मोठा असतो. मिनिटास १,५०० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा ४० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पुरा होतो. सबब पिस्टन अगदी वर पोहोचल्यावर तेल सोडले तर ते जळू लागेपर्यंत पिस्टन खाली निघून गेलेला असतो आणि त्याचा जोर वाया जातो. म्हणून तेल आधीच सोडावे लागते. किती आधी, हे फेऱ्याच्या अंशांत सांगतात. १,५०० फेऱ्यांच्या अनेक एक-सिलिंडर इंजिनांत पिस्टन माथ्यावर येण्यापूर्वी २३ अंशांवर तेल सुटते. हे २३ अंश म्हणजे अवघे अडीच मिलिसेकंद होत. ६५० फेऱ्यांच्या जुन्या संथ इंजिनांत तेवढेच अंश सुमारे सहा मिलिसेकंदांचे होतात. त्यामुळे एका इंजिनाचा आकडा दुसऱ्यास लावू नये. जो आकडा त्या इंजिनाच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत असेल तोच प्रमाण मानावा.

दुसरी वेळ झडपांची. चार धावांच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमच्या दांड्याचा एक होतो. म्हणून क्रँकवरील दातेरी चाकास जितके दात, त्याच्या दुप्पट कॅमच्या चाकास असतात. याच कॅमच्या दांड्यावर हवा घेणारी झडप (इनलेट), धूर सोडणारी झडप (एक्झॉस्ट) आणि पुष्कळ लहान इंजिनांत डिझेलचा पंपही अवलंबून असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण दोषाची खरी पारख हिच्यावरच उभी आहे.

लक्षणे आणि त्यांचे फसवे सोबती

तेल ठरल्या वेळेच्या फार आधी सुटत असेल तर पिस्टन वर चढत असतानाच त्याच्या डोक्यावर स्फोट होतो. इंजिन हातोडा मारल्यासारखे कडक ठोकते, बेअरिंगे लवकर झिजतात आणि चालू करताना हँडल उलटे फिरून मारते. या उलट्या माऱ्याने मनगट मोडते. हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा, दांड्याला वेढा घालून धरू नये. ज्या इंजिनाने एकदा उलटा मारा दिला ते तपासल्याशिवाय पुन्हा फिरवू नये.

उलटपक्षी तेल उशिरा सुटत असेल तर ठोका मऊ, बसका येतो. थंड इंजिन चालू होताना पांढरा धूर फार वेळ सोडते, भार पडल्यावर काळा. तेल पिस्टन खाली जाताना जळत राहते, त्यामुळे उष्णता कामास न लागता धुराड्यातून व पाण्यातून निघून जाते. जुन्या इंजिनांत हा प्रकार अधिक आढळतो; कारण कॅम, रोलर व प्लंजर यांची झीज वेळ पुढे ढकलते, मागे आणीत नाही.

मात्र काळा धूर दिसला की टायमिंगवर ठपका ठेवणे योग्य नव्हे. हवेची जाळी मातीने व कापसाच्या तंतूंनी भरली असेल तरीही काळाच धूर येतो. नोझल थेंब-थेंब गळत असेल तरीही येतो. पंपाची पुली मापाबाहेर लहान बसविली असेल, तर निर्दोष इंजिनसुद्धा काळा धूर ओकते. निळा धूर वंगणाचे तेल जळत असल्याची खूण आहे. त्याचा टायमिंगशी संबंध नाही. डिझेलच्या नळीत हवा शिरली असता इंजिन अडखळते, उसळी घेते. टायमिंगच्या दोषात ते अडखळत नाही, एकसारखे वाईट चालते. हा फरक कानाने शिकण्याजोगा आहे.

यास्तव क्रम असा ठेवावा की जे फुकट आहे ते आधी तपासावे. हवेची जाळी धुवावी, डिझेलचा गाळणा पाहावा, टाकीच्या तळाचे पाणी काढावे, नळीतील हवा सोडून द्यावी. नंतर दाब पाहावा : दाब सोडण्याची कळ न उचलता चाक हाताने फिरविले असता ते दाबाच्या धावेवर अडून मागे उसळले पाहिजे. ते सहज पलीकडे गेले तर झडपा किंवा कड्या गळत आहेत; तेथे टायमिंग पाहण्यात अर्थ नाही. नोझल फवारा कसा मारते ते पंप-दुरुस्तीच्या दुकानात चाचणी-यंत्रावरच पाहावे. तो फवारा सुमारे २०० वातावरणांच्या दाबाने सुटतो व कातडी भेदून मांसात शिरतो. त्यासमोर बोट धरून ‘जोर’ पाहण्याची काही मिस्त्र्यांची सवय अत्यंत घातक आहे. बाहेरून जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते. तरीही अशा माणसास विलंब न लावता रुग्णालयात न्यावे, बोट गमावण्याची पाळी येते.

फीत, खडू आणि तार

एवढे करूनही दोष उरला तर टायमिंग मोजावे. त्यास महाग हत्यारे लागत नाहीत. शिंप्याची फीत, खडू, तारेचा एक काटा व दोन-तीन पाने पुरेत. इंजिन पूर्ण थंड असावे व पट्टा काढलेला असावा.

प्रथम पिस्टन नेमका माथ्यावर केव्हा येतो ते ठरवावे. फ्लायव्हीलवर कारखान्याची खूण असते. परंतु जुन्या इंजिनावर तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. फ्लायव्हील दुसऱ्या इंजिनाचे बसविलेले असू शकते, किंवा त्याची चावी झिजून चाक थोडे सरकलेले असू शकते. नजरेने माथा ठरविणेही चुकीचे, कारण ११० मिलिमीटर धावेच्या इंजिनात चाक माथ्यापासून ५ अंश फिरले तरी पिस्टन जेमतेम पाव मिलिमीटर उतरतो. डोळ्यास तो स्थिरच दिसतो. यावर जुना उपाय आहे. सिलिंडरचे डोके काढलेले असेल तर पोलादी पट्टीने, किंवा नोझलचे भोक सरळ पिस्टनवर उतरत असेल तर त्यातून सळई सोडून, पिस्टनची खोली मोजावी. पिस्टन वर चढताना, माथ्याच्या बऱ्याच अलीकडे, एका ठरावीक खोलीवर असता काट्यासमोर फ्लायव्हीलवर खडूची रेघ ओढावी. सळई काढून घ्यावी, चाक पुढे न्यावे आणि पिस्टन उतरताना पुन्हा त्याच खोलीवर आला की दुसरी रेघ ओढावी. दोन रेघांच्या बरोबर मध्यावर खरा माथा आहे. सळई आत असताना चाक जोराने फिरवू नये.

नंतर फीत फ्लायव्हीलच्या कडेभोवती गुंडाळून घेर मोजावा आणि त्यास ३६० ने भागावे. समजा, घेर १४४ सेंटिमीटर भरला, तर १ अंश बरोबर ४ मिलिमीटर आणि २३ अंश बरोबर ९२ मिलिमीटर झाले. चाक जितके मोठे तितके मोजमाप सोपे.

आता डिझेल केव्हा सुटते ते पाहावयाचे. पंपापासून नोझलकडे जाणारी जाड नळी पंपाच्या बाजूने सोडवावी, टाकीची तोटी उघडी ठेवावी व इंधनाची कळ पूर्ण सोडण्याच्या स्थितीत बांधून ठेवावी. ती बंद स्थितीत राहिली तर काहीच आढळणार नाही, आणि ही चूक हमखास होते. दोन्ही झडपा मिटलेल्या असताना चाक त्याच्या चालण्याच्या दिशेने अगदी हळूहळू फिरवावे. पंपाच्या तोंडाशी डिझेलचा जो पृष्ठभाग दिसतो तो ज्या क्षणी किंचित फुगू लागेल तेथे थांबावे व काट्यासमोर रेघ ओढावी. ही रेघ आणि माथ्याची रेघ यांतील अंतर म्हणजे टायमिंग होय. थोडे पुढे गेल्यास तेवढेच मागे आणू नये. दातांमधील ढिलाईमुळे खोटा आकडा मिळतो. पाव फेरा मागे नेऊन पुन्हा पुढे यावे. तीनदा मोजून तिन्ही रेघा जवळजवळ एका जागी आल्या तरच मोजमाप खरे मानावे. पंपाच्या तोंडाची आतली झडप काढून डिझेलची धार थांबण्याचा क्षण पाहण्याची रीत याहून अचूक आहे, परंतु त्यात धुळीचा कण शिरला तर पंप खराब होतो. ते काम शेताच्या बांधावर करू नये.

दोष पंपात की दातांत ?

येथे पुष्कळ मिस्त्री चुकतात. डिझेल उशिरा सुटते असे आढळताच ते पंपाखालचे पातळ पत्रे, म्हणजे शिम, काढू लागतात. शिम काढले की पंप खाली बसतो आणि तेल लवकर सुटते. शिम वाढविले की उशिरा. ज्या इंजिनात शिमऐवजी टॅपेटचा स्क्रू असतो तेथे तो वर काढल्याने तेल लवकर सुटते. ही दुरुस्ती झिजेमुळे आलेल्या दोन-चार अंशांच्या फरकास योग्य आहे. फरक दहा-पंधरा अंशांचा असेल तर मात्र हात आवरावा आणि झडपांची वेळ पाहावी.

त्यासाठी आधी दाबाच्या माथ्यावर टॅपेटची फट पुस्तिकेप्रमाणे लावून घ्यावी. फट चुकीची असेल तर पुढील सर्व मोजमाप चुकते. मग चाक फिरवीत इनलेटचा दांडा बोटांत फिरवून पाहावा. ज्या ठिकाणी तो घट्ट होतो तेथे झडप उघडू लागली. पुष्कळ लहान इंजिनांत इनलेट झडप माथ्यापूर्वी ४.५ अंशांवर उघडते आणि एक्झॉस्ट झडप माथ्यानंतर ४.५ अंशांवर मिटते. म्हणजे माथ्याच्या दोन्ही बाजूंस सारखे अंतर यावयास हवे.

एक उदाहरण घेऊ. १४४ सेंटिमीटर घेराच्या चाकावर डिझेल सुटण्याची रेघ माथ्यापूर्वी ९२ ऐवजी ३५ मिलिमीटरवर आली. म्हणजे २३ ऐवजी पावणेनऊ अंश. इनलेट झडप माथ्यापूर्वी १८ मिलिमीटरवर उघडण्याऐवजी माथ्यानंतर ४० मिलिमीटरवर उघडली. म्हणजे साडेचार अंश आधीऐवजी दहा अंश उशिरा. पहिला फरक सव्वाचौदा अंश, दुसरा साडेचौदा अंश. दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात आणि एकाच दिशेने सरकल्या आहेत. तेव्हा दोष पंपात असणे शक्य नाही. दोहोंना चालविणारा कॅमचा दांडाच मागे राहिला आहे. क्रँकच्या चाकास २५ व कॅमच्या चाकास ५० दात असतील तर कॅमचा एक दात म्हणजे त्याचे ७.२ अंश, आणि क्रँकच्या हिशेबाने दुप्पट, १४.४ अंश. हिशेब जुळला : जोडताना एक दात चुकला आहे. अशा इंजिनाचे शिम काढून डिझेलची वेळ बरोबर करता येईल, धूरही काहीसा कमी होईल, पण झडपा चुकीच्याच वेळी उघडत राहतील. शिवाय फार शिम काढल्यास प्लंजर वरच्या टोकास आपटून पंप फुटतो.

याउलट झडपा बिनचूक असून एकट्या डिझेलची वेळ चुकली असेल तर दोष पंप, त्याचा रोलर, कॅम किंवा शिम यांत शोधावा. आणि दोन्ही वेळा कारखान्याच्या खुणेप्रमाणे चुकलेल्या, पण मोजून काढलेल्या माथ्याप्रमाणे बरोबर असतील, तर इंजिनास काहीच झालेले नाही. सरकले आहे ते फ्लायव्हील. त्याची चावी तत्काळ पाहावी. सैल झालेले जड चाक दांड्याची खाच खाते, आणि पूर्ण सुटले तर जवळच्या माणसाचा जीव घेते.

दात चुकला असल्यास वंगण काढून, बाजूचे झाकण उघडून दोन्ही चाकांवरील खुणा पाहाव्यात. एका चाकाच्या खुणेचा दात दुसऱ्याच्या दोन खुणांच्या दातांत बसला पाहिजे. दोन्ही चाके एकमेकांस थेट लागलेली असतील तर क्रँकच्या दर दोन फेऱ्यांनी खुणा समोरासमोर येतात. मध्ये तिसरे चाक असेल तर त्या पुष्कळ फेऱ्यांनंतरच येतात. तेथे खुणा जुळत नाहीत म्हणून घाईने खोलू नये, फिरवीत राहावे. जुळणी केल्यावर झाकण लावण्यापूर्वी दाब सोडण्याची कळ उचलून चाक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. कोठेही धातूला धातू अडल्याचे जाणवले तर थांबावे. चुकलेल्या वेळेत झडप पिस्टनवर आपटते व तिचा दांडा वाकतो. मग वरील सर्व मोजमाप एकदा पुन्हा करावे. ते कंटाळवाणे वाटते, पण झाकणाचे गॅस्केट दोनदा फाडण्यापेक्षा सोपे आहे.

दुरुस्ती लागू पडली की नाही याची साक्ष कानापेक्षा बाटली चांगली देते. एक लीटर डिझेल मोजून घालावे आणि तेवढ्यात इंजिन किती मिनिटे चालते व पाणी किती वाफ्यांस पुरते ते दुरुस्तीपूर्वी व नंतर लिहून ठेवावे. पाच अश्वशक्तीचे निर्दोष इंजिन पूर्ण भारावर तासास सुमारे एक लीटर किंवा थोडे अधिक डिझेल घेते. ही चाचणी घेताना इंजिन विहिरीच्या आतील कठड्यावर असेल तर धुराड्याची नळी काठाच्या वर आलेली असल्याची खात्री करावी आणि इंजिन चालू असताना विहिरीत कोणी उतरू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो, रंग नसतो. उतरलेला मनुष्य बेशुद्ध होतो आणि त्यास वर काढण्यास उतरलेलाही.

जुने इंजिन विकत घेताना हीच रीत उपयोगी पडते. रिकामे इंजिन पाच मिनिटे चालवून दाखविले, एवढ्यावर पैसे देऊ नयेत. टायमिंगचा दोष भारावरच उघडा पडतो. पंप जोडून अर्धा तास पाणी काढून पाहावे, पाटीवरील अश्वशक्ती, फेरे व क्रमांक उतरून घ्यावेत आणि पुस्तिका मागावी. विकणारा हरकत घेत नसेल तर त्याच्या अंगणातच फीत लावावी. माथ्याची खरी रेघ एकदा सापडली की ती छिन्नीने हलकीशी कोरून तिच्यात पांढरा रंग भरावा, डिझेल सुटण्याच्या जागी तांबडा, आणि दोहोंतील अंतर मिलिमीटरमध्ये इंजिनघराच्या भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या हंगामात तेच अंतर मोजले की झीज किती झाली ते कळते.